दिवाळीच्या किल्ल्यावरील जावळीचें रान

दिवाळीचा मातीचा किल्ला करितांना बहुतेक घरांत सारा जीव ओतला जातो तो बुरुजांवर. भोवतालच्या मुलखाकडे लक्ष कोणाचें? प्रतापगड करावयाचा तर असें चालत नाहीं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाच्या फौजेचा मोड झाला, तो कांहीं तटबंदीवर नव्हे. महाबळेश्वरच्या डोंगरावरून रडतोंडीच्या घाटानें उतरून तिची छावणी पार गांवाजवळ पडली होती. सभोंवार जावळीचें दाट अरण्य, आणि त्यांत मराठ्यांच्या तुकड्या दबा धरून बसलेल्या. गडावरून तोफेची इशारत होतांच त्या तुटून पडल्या. रान वगळलें कीं ही लढाई समजत नाहीं.

मुलूख कसा उभारावा, हें छोट्या आगगाड्यांच्या शौकिनांपासून शिकावें. पुण्यास कोथरूडमध्यें १९९८ सालीं सुरू झालेलें जोशी यांचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ठाऊक आहे कीं तेथें गाडीइतकीच भोवतालच्या देखाव्यावर नजर खिळते. अशा गाड्यांचें एक रूढ प्रमाण १:८७ आहे. या हिशेबानें साडेपांच फुटी माणूस पाऊण इंच भरतो. बाजारांतला तीन इंची मावळा त्यापुढें केवळ राक्षस! मुलें किल्ल्यावर अळीव पेरतात. त्याचीं इंचभर रोपें या राक्षसाच्या गुडघ्याशीं गवत होतात. पाऊण इंची शिपाई मात्र त्यांत दिसेनासा होतो. जावळी ती हीच.

उंचीची अडचण मोठी. हजार फुटांचा चढ या प्रमाणांत साडेअकरा फूट होईल; तो दिवाणखान्यांत मावावा कसा? आगगाडीवाला डोंगर बेधडक आंखूड करितो, मागें मागें लहान झाडें लावितो आणि शेवटच्या रांगा फळीवर रंगवितो. ही लबाडी खुशाल उचलावी.

पण सर्वच उसनें घेतां येत नाहीं. एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम मांडले. अशा खेळांत शिपाई हलवावे लागतात. सरळ उतारावर ते कोलमडतात, म्हणून चिखलांत भिजविलेलें पोतें विटांवर पसरतांना भाताच्या खाचरांसारख्या पायऱ्या ठेवाव्या. पारची जागा मोकळी सोडावी. अळीव पत्र्याच्या झांकणांतून वेगळे पेरावे, म्हणजे रानाचा तुकडा उचलून त्यामागें शिपाई लपवितां येतील. पेरणी मात्र आठवडाभर आधीं झाली पाहिजे.