लाल काच डावीकडे
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



हैदराबादच्या तेलुगू-उर्दूच्या गजबजाटात ज्या शाळेने मला मराठीतून विचार करायला शिकवले, तिच्या हीरक महोत्सवात बोलण्याचा मान मिळाला, हे माझे भाग्य. विषय मात्र माझ्या व्यवसायातला आहे: लाल-निळ्या चष्म्यातून खोली दाखविणारे चलच्चित्र. दसऱ्याच्या सुट्टीत शाळेतील मुलांना घेऊन मी त्याचा प्रयोग केला, त्याची ही हकीकत.

तत्त्व जुने आहे. आपले डोळे एकमेकांपासून साधारण 6.5 सेंटिमीटर दूर असतात, म्हणून प्रत्येकाला किंचित निराळे चित्र दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये हे आरशांच्या साहाय्याने दाखवून दिले. पुढे 1853 मध्ये विल्हेल्म रोलमान या जर्मन अभ्यासकाने दोन रंगांतील चित्रे रंगीत काचांतून पाहण्याची युक्ती मांडली. डाव्या छायाचित्रातील लाल अंश आणि उजव्यातील हिरवा व निळा अंश एकत्र केले, की प्रत्येक काच आपापल्या डोळ्याचे चित्र तेवढे आत सोडते. ‘छोटा चेतन’चे चष्मे ज्यांना आठवत असतील त्यांनी गल्लत करू नये, ते निराळ्या जातीचे. आपला चष्मा पुठ्ठ्याचा, गरिबाघरचा.

आम्ही निर्मळची लाकडी खेळणी घेतली. एका फळीवर दोन खिळे ठोकून कॅमेऱ्याच्या दोन जागा ठरविल्या. पक्षी किंचित हलवायचा, एक छायाचित्र डावीकडून, एक उजवीकडून. सेकंदाला 12 चौकटी आणि 40 सेकंदांचे चित्र, म्हणजे 960 छायाचित्रे! मी खिळ्यांतील अंतर डोळ्यांइतकेच ठेवले होते. खेळणी जेमतेम 60 सेंटिमीटरवर होती, त्यामुळे दोन्ही चित्रे जुळेनात आणि सर्वांची डोकी दुखू लागली. वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, हा छायाचित्रकारांचा ठोकताळा मी विसरले होते. खिळे 2 सेंटिमीटरवर आणले. मग लाल पक्ष्याने छळले. लाल काचेतून तो उजळ, दुसरीतून काळा. दोन्ही डोळ्यांचे भांडण होऊन तो नुसता लखलखत राहिला. मी रंग पार काढून टाकायला निघाले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “ताई, मग निर्मळची खेळणी आणली कशाला?” त्याचे खरे होते. अखेर तो लाल थोडा विटकरी करून तडजोड केली.

अर्धे चित्र झाल्यावर सभागृहात पडद्यावर पाहिले. मुले पक्षी पकडायला हात पुढे करीत होती. पाचवीतली एक मुलगी मात्र स्वस्थ बसली होती. “ताई, मला सगळं लालच दिसतंय.” मी चष्मा उलटा करून दिला. “आता सगळं निळं.” दोन्ही वेळा ती डाव्याच डोळ्याने पाहत होती. मी तो तळहाताने झाकला, तर तिला फळ्यावरचे शीर्षकही वाचता येईना.

नेत्रतज्ज्ञांनी निदान केले: उजव्या डोळ्याचा नंबर मोठा, आणि वापर नसल्याने तो आळशी झालेला. डावा डोळा सारे काम निभावत होता, म्हणून तिची कधी तक्रार नव्हती. अक्षर सुरेख, गुण उत्तम. चष्मा लागला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पालकहो, खोली न दिसणे म्हणजे आजारच, असे मुळीच नाही. कधी पुठ्ठ्याचा चष्माच वाईट असतो. पण मुलांचा एकेक डोळा स्वतंत्रपणे तपासून घ्या, आणि लहानपणीच घ्या, कारण या उपचाराला त्या वयात अधिक चांगला गुण येतो.

आता चित्र दाखविते. शेवटच्या 70 चौकटींतला पक्षी तिने हलविला आहे, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. तो उतरताना जरा अडखळतो. मी ते दुरुस्त केलेले नाही. चष्मे दाराजवळच्या टोपलीत आहेत. लाल काच डावीकडे.