सागरी अभयारण्य आणि सातपुड्यातील बेटे

(नंदुरबार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्यापैकी काही तरुण मंडळी सुट्टीत मालवणला जाऊन समुद्राखालची सृष्टी पाहण्याचा बेत करीत आहेत. त्यांनी अवश्य जावे. सृष्टीचे सौंदर्य ही धनिकांची मिरास नव्हे. विश्रांतीचा व आनंदाचा हक्क कष्टकऱ्यालाही आहे. मात्र जेथे जायचे तेथील अर्थकारण समजून घेऊन जावे, एवढेच माझे सांगणे आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. पैकी तीनहून थोडे अधिक चौरस किलोमीटर हे गाभाक्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बेट, पद्मगड आणि भोवतालचे खडक त्यात येतात. डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासनळी लावून पाण्यावर पालथे तरंगले की खाली प्रवाळ व रंगीबेरंगी मासे दिसतात. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. प्रवाळ म्हणजे निर्जीव खडक नव्हे. ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. तिच्यावर पाय पडला किंवा होडीचा नांगर आदळला, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. तेव्हा संरक्षण हवे, याविषयी दुमत नाही.

प्रश्न आहे तो संरक्षणाची किंमत कोणी मोजायची आणि लाभ कोणी घ्यायचा, हा. अभयारण्याला मालवणच्या मच्छीमारांनी विरोध केला, तो मासेमारी बंद पडण्याच्या भीतीने. ज्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे अनेकांनी मिळून ओढायचे आणि मासळीचे वाटे करायचे ही रीत आहे, तेथील माणसाला निसर्गाचा शत्रू ठरविणे अन्यायाचे होय. सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपले पाहिजे, अशी तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. पण कायद्यातील वाक्याने चूल पेटत नाही.

आज कित्येक मच्छीमारांची मुले पर्यटकांना होडीतून नेतात. हे स्वागतार्ह आहे. परंतु होडीसाठी कर्ज काढावे लागते आणि पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. किनाऱ्यावरील जमीन आणि आगाऊ नोंदणीचा व्यवहार मात्र बाहेरच्या भांडवलाच्या हाती गेला, तर जोखीम एकाची व नफा दुसऱ्याचा, असा हिशेब होतो.

नंदुरबारकरांना हा हिशेब नवा नाही. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. २०१९ साली जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत प्रथमच भरला. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत काही वस्त्यांना पाण्याने वेढले. शेते बुडाली, टेकड्यांची बेटे झाली. तेथील आदिवासी होडीत बसतो तो सहलीसाठी नव्हे, तर दवाखाना आणि बाजार गाठण्यासाठी. उद्या या जलाशयाचे सौंदर्य विकायला कोणी आला, तर पहिला प्रश्न आपण विचारावा : होड्यांचे परवाने कोणाला? ज्यांची शेते त्या पाण्याखाली आहेत त्यांचाच त्यावर पहिला हक्क. विस्थापितांच्या मासेमारी सहकारी संस्था हा त्याचा पाया होऊ शकतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. तो अमलात आणण्यासाठी आपण झगडतो आहोत. समुद्रावर जगणाऱ्यांनाही असाच अधिकार मिळावा, ही मागणी सातपुड्यातून उठली पाहिजे. डोंगरातला आदिवासी आणि किनाऱ्यावरचा गाबीत यांचे प्रश्न वेगळे दिसतात. त्यांचे मूळ एकच आहे.

म्हणून मालवणला जाल तेव्हा प्रवाळाला हात लावू नका, स्थानिक माणसाच्या होडीतून जा, त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नका, आणि त्याच्या संघटनेची चौकशी जरूर करा. निसर्ग पहारेकऱ्याने टिकत नाही. त्यावर पोट असणाऱ्यांची मालकी मान्य केली तरच तो टिकतो.