गरज सरली, वैद्याचे काय?



३ मे २०२० रोजी हवाई दलाने देशभरातील रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. बरोबर एका वर्षाने, ३ मे २०२१ रोजी, केंद्र शासनाने काही निर्णय जाहीर केले. आंतरवासितेतील डॉक्टरांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोरोनाच्या कामावर घ्यावे, एमबीबीएसच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांकडे दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याचे काम द्यावे, आणि पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलावी, असे ते निर्णय होते. शंभर दिवस काम करणाऱ्यास पंतप्रधानांच्या नावाचा सन्मान व शासकीय भरतीत प्राधान्य देण्याचेही आश्वासन होते. या एका वर्षात वैद्यकीय विद्यार्थ्याचे समाजातील खरे स्थान उघड झाले. कामाची निकड होती तेव्हा त्याला डॉक्टर म्हटले गेले, मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा तो विद्यार्थी ठरला, आणि त्याचे मन खचले तेव्हा त्याची दखल घेणारे कोणी नव्हते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मराठी माणसाने उगाच रचलेली नाही.

हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशाच्या संदर्भात तपासला पाहिजे. कारण मोठ्या शहरांत जे झाकले जाते, ते येथे झाकता येत नाही.

चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या पहिल्या तुकडीचा हिशेब मांडला, तर साडेचार वर्षांचा अभ्यास संपून आंतरवासितेचे वर्ष सुरू होण्याची वेळ आली ती २०२० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे ज्या जिल्ह्याने स्वतःच्या वैद्यकीय महाविद्यालयाची वाट इतकी वर्षे पाहिली, त्याच्या पहिल्या तुकडीची कसोटी महामारीनेच घेतली. तेलंगणात मिरची तोडण्यासाठी गेलेले मजूर टाळेबंदीत अडकले, कित्येक जंगलवाटांनी पायी परतले. त्यापाठोपाठ मे २०२० मध्ये या भागात रुग्ण आढळू लागले. दुसरी लाट आली ती एप्रिल-मे २०२१ मध्ये, चंद्रपूरच्या ऐन उन्हाळ्यात. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर असताना नखशिखान्त बंद पोशाखात तासन्‌तास उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने कोळसा खाणीत किंवा वीज केंद्राच्या भट्टीजवळ काम केले आहे, त्या कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही. खाट मिळावी म्हणून नातेवाईक नागपूरकडे आणि थेट तेलंगणाकडे धावत होते. ‘खाट नाही’ हे वाक्य दारातल्या माणसाला ऐकवण्याची पाळी मात्र पुष्कळदा सर्वांत तरुण डॉक्टरवर येत होती. आरोग्यसेवेची दशकानुदशकांची उपेक्षा धोरणकर्त्यांनी केली. तिचा जाब तेवीस वर्षांच्या मुलामुलींना विचारला गेला. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा देणारा वटहुकूम शासनाला २२ एप्रिल २०२० रोजी काढावा लागला, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी.

ही झाली रुग्णालयातील बाजू. दुसरी बाजू घराची आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी केली गेली आणि अध्यापन दूरध्वनीच्या पडद्यावर आले. त्यातही २०१९ साली प्रवेश घेतलेली तुकडी ही नव्या, कौशल्याधारित अभ्यासक्रमाची पहिली तुकडी. शवविच्छेदन हाताने शिकायचे, रुग्णाशी बोलणे प्रत्यक्ष बोलून शिकायचे, हा त्या अभ्यासक्रमाचा गाभा. आणि नेमके तेच अशक्य झाले. नागपूर-चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला निदान व्याख्यान ऐकू तरी येत होते. भामरागड, एटापल्लीच्या अंतर्भागात मात्र दूरध्वनीची लहर शोधण्यासाठी टेकडी चढावी लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गडचिरोलीचे जिल्हा ठिकाण तेथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर. अशा गावातून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला माडिया किंवा गोंड विद्यार्थी हा बहुधा त्याच्या घरातला, कधी कधी त्याच्या गावातलाही, पहिलाच. त्याच्या मागे फीचा, भाषेचा आणि ‘राखीव जागेवरचा’ या शेऱ्याचा भार आधीपासूनच असतो. टाळेबंदीत घरची मजुरी थांबली, मोहफुले व तेंदूपाने यांच्या हंगामावर सावट आले. घरी राहून अभ्यास बुडाला म्हणून अपराधी वाटावे, आणि वसतिगृहात परतल्यावर घर वाऱ्यावर सोडले म्हणून अपराधी वाटावे, अशा कात्रीत तो सापडला. ताण सर्वांनाच होता हे खरे. पण त्याची वाटणी समान नव्हती.

या ताणाचे मोजमाप महामारी ओसरल्यावर काही प्रमाणात झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी त्याच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली. त्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक विकाराचे निदान झाले असल्याचे नोंदवले आणि १६.२ टक्क्यांनी जीवन संपवण्याचे विचार मनात आल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे दुसरे प्रमाण ३१.२ टक्के होते. ही उत्तरे स्वेच्छेने दिलेली आहेत, त्यामुळे ती सर्व विद्यार्थ्यांना जशीच्या तशी लागू करणे योग्य होणार नाही. परंतु इतक्या मोठ्या संख्येने तरुण डॉक्टर असे सांगत असतील, तर त्याला काही व्यक्तींचा दुबळेपणा म्हणून सोडून देता येत नाही.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, डॉक्टर होणाऱ्याने कणखर असलेच पाहिजे. सेवा म्हटली की त्याग आलाच. त्यागाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी प्राण ठेवला. पण तो त्याग त्यांनी स्वतः पत्करला होता. शासनाने आपली रिक्त पदे, अपुरी वेतने आणि अमर्याद कामाचे तास यांवर त्यागाचे पांघरूण घालणे ही निराळी गोष्ट आहे. सावित्रीबाईंचे नाव घेऊन दुसऱ्याकडून वेठ करून घेता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गडचिरोलीत हिवताप आणि सिकलसेल असताना, रुग्णांना खाट मिळत नसताना, डॉक्टर होऊन सुस्थितीत जाणाऱ्यांच्या मनःस्थितीची चिंता समाजवादी कार्यकर्त्याने का करावी? याचे उत्तर आरोग्यसेवेच्या रचनेतच आहे. थकलेल्या, झोप न मिळालेल्या डॉक्टरच्या हातून होणारी चूक गरिबालाच भोवते. श्रीमंत दुसरीकडे जातो. आणि खचून शिक्षण सोडणाऱ्यांत अरण्यातून आलेला विद्यार्थी असेल, तर पुन्हा त्या गावात परतून त्यांच्या भाषेत रुग्णाशी बोलू शकणारा डॉक्टर समाजाने गमावलेला असतो. २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. जातीय छळाचे आरोप झाले, खटला उभा राहिला. ती घटना महामारीच्या आधीची होती. महामारीने ताण निर्माण केला असे नव्हे, आधीच रुंदावलेल्या भेगा तिने उघड्या पाडल्या.

या ताणाचा काही भाग मनाचा नसून हिशेबाचा आहे, हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. महामारीत राज्याच्या शासकीय महाविद्यालयांतील आंतरवासितांचे विद्यावेतन महिना ११ हजार रुपये होते, आणि ते वाढावे म्हणून त्यांना आंदोलन करावे लागले. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा १८ एप्रिल २०२१ ला व्हायची, ती तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. ११ सप्टेंबरला झाली. प्रवेशप्रक्रिया न्यायालयात अडकून जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तेवढे महिने निवासी डॉक्टरांची एक संपूर्ण तुकडी रुग्णालयांत आलीच नाही आणि तिचे काम उरलेल्यांच्या खांद्यावर पडले. त्याच २०२१ साली चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कंत्राटी कामगार थकलेल्या वेतनासाठी डेरा टाकून बसले होते. ज्या वॉर्डात सफाई करणाऱ्याला पगार नाही, तेथे शिकणाऱ्या डॉक्टरला समुपदेशनाचे एक व्याख्यान ऐकवून शांत करता येईल, हा भ्रम आहे. दोघांचा प्रश्न एकाच मुळातून आलेला आहे.

मग आधार कसा उभा करायचा? मनोविकारतज्ज्ञ मोजके, आणि तेही शहरांत. या अडचणीवर मार्ग याच मुलखाने दाखवला आहे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. ३९ गावांतील या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हेच तत्त्व मनाच्या आजारांनाही लागू पडले. गोव्यातील ‘संगाथ’ने सामान्य शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांना समुपदेशक बनवले, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत जवळची, ओळखीची आणि आपल्या भाषेत बोलणारी असली की माणूस ती घेतो, हा याचा अर्थ. गावात आरोग्यदूत उभे राहू शकतात, तर वसतिगृहात प्रशिक्षित सहाध्यायी का उभे राहू नयेत? मित्राने ऐकून घ्यावे, धोका ओळखावा आणि वेळेवर तज्ज्ञाकडे न्यावे, एवढेच त्याचे काम. तज्ज्ञाची जागा त्याने घेऊ नये. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची विनामूल्य सेवाही उपलब्ध आहे.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्यापुढे विद्यार्थी मन मोकळे करीत नाही. समुपदेशक परीक्षकांच्या यंत्रणेबाहेरचा हवा आणि विद्यार्थ्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे व एक दिवस सुटी असावी, ही कृतिदलाची शिफारस किमान मर्यादा मानून अमलात यावी. विद्यावेतन आणि कंत्राटी वेतन दरमहा ठरल्या दिवशी मिळावे. आदिवासी व दलित विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी बाहेरचे सदस्य असलेली समिती असावी. पुढील आपत्तीत विद्यार्थ्यांना कामावर घ्यायचे असेल, तर त्याच आदेशात मोबदला, विमा, विश्रांती आणि परीक्षेचे वेळापत्रक यांची हमी असावी.

कार्यकर्त्यांनाही काम आहे. जिल्ह्यातील कामगार संघटनांनी आंतरवासितांच्या मागण्यांना पाठिंबा द्यावा. ज्या गावचा मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय शिक्षणास गेली आहे, तेथील कार्यकर्त्याने त्या घराशी संबंध ठेवावा. रुग्णालयात जमाव भडकला, तर खाटा का नाहीत हा प्रश्न मंत्रालयाकडे वळवण्याचे धैर्य कार्यकर्त्याने दाखवावे. दारातल्या तरुण डॉक्टरवर तो सोडू नये.

१९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. तेथे सर्व काही नव्याने उभे राहावयाचे आहे. इमारतीच्या आराखड्यात प्रयोगशाळा असतील, शवविच्छेदनगृह असेल. विद्यार्थ्याला झोपण्यासाठी वेळ, बोलण्यासाठी माणूस आणि कामाचा ठरलेला मोबदला यांचीही जागा त्या महाविद्यालयाच्या नियमांत पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. तसे झाले, तर पुढच्या महामारीत भामरागडच्या रुग्णासमोर उभा राहणारा डॉक्टर भामरागडचाच असण्याची आशा धरता येईल.