फिरता दवाखाना आणि अडलेला परवाना



फिरता दवाखाना ही कल्पना आपल्या सेवाकार्याला नवी नाही. एक डॉक्टर, औषधांची पेटी आणि एक गाडी एवढ्या सामग्रीवर दूरच्या पाड्यांतील असंख्य रुग्णांची सोय झाली आहे. मात्र त्या पेटीत अफूच्या कुळातील औषध ठेवायचे म्हटले, की गाडीचे चाक फिरण्यापूर्वीच कायदा आडवा येतो. अमेरिकेने या एका प्रश्नापायी १४ वर्षे घालविली. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांनी तो इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

हेरॉईनच्या व्यसनावर मेथाडोन देण्याची पद्धत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विकसित केली. हे औषधही अफूवर्गीयच. पण योग्य मात्रेत त्याने झिंग येत नाही, परिणाम दिवसभर टिकतो आणि नशा न मिळाल्याने होणारी तडफड शमते. एक व्यसन सोडवून दुसरे लावले, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. आक्षेपामागची तळमळ खरी आहे. तथापि उपचारात टिकून राहिलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण उपचाराबाहेर राहिलेल्यांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आले आहे. संयमाचा उपदेश ऐकायला आधी माणूस जिवंत असावा लागतो.

खरी अडचण रस्त्याची आहे. अमेरिकेत व्यसनोपचारासाठीचे मेथाडोन औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते नोंदणीकृत केंद्रातूनच दिले जाते. अशी केंद्रे सुमारे २,००० आणि तीही बहुतांशी शहरांत. नव्या रुग्णाला आठवड्यातील जवळजवळ सर्व दिवस तेथे जाऊन परिचारिकेसमोर मात्रा घ्यावी लागे. ज्याच्यापाशी वाहन नाही, ज्याचे काम पहाटे सुरू होते, त्याने हे किती दिवस निभवावे? म्हणूनच काही केंद्रांनी गाड्या काढल्या. ॲमस्टरडॅममध्ये तर मेथाडोनची बस १९७९ सालीच सुरू झाली होती.

२००७ मध्ये अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी यंत्रणेने अशा नव्या गाड्यांना मंजुरी देणे थांबविले. औषध वाटेत चोरीला जाईल, काळ्या बाजारात पोहोचेल, ही भीती होती. ती निराधार नव्हती. जुन्या गाड्या तेवढ्या चालू राहिल्या; न्यू जर्सीतील अटलांटिक परगण्यात अशी एक गाडी तुरुंगातील बंद्यांपर्यंतही जाऊ लागली. दरम्यान अंमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे वार्षिक मृत्यू २००७ मधील सुमारे ३६,००० वरून २०२१ मध्ये १ लाख ६ हजारांवर गेले. या वाढीची कारणे अनेक, फेंटानिल हे त्यातले प्रमुख. गाड्या थांबल्यामुळेच हे घडले असे म्हणता येणार नाही. पण आग पसरत असताना पाण्याचे बंब आगारात उभे होते, हे नाकारता येत नाही.

अखेर २८ जून २०२१ रोजी नवा नियम प्रसिद्ध झाला. नोंदणीकृत केंद्राला गाडीसाठी वेगळी नोंदणी लागणार नाही. स्थानिक कार्यालयाची संमती पुरेशी. अटी मात्र काटेकोर आहेत. गाडीने त्याच राज्यात फिरावे, औषध तिजोरीत असावे, तिजोरीपर्यंत बाहेरून हात पोहोचू नये आणि विशेष सवलत नसेल तर गाडीने रोज मूळ केंद्रावर परतावे. या शेवटच्या अटीने गाडीचा पल्ला आपोआप आखडतो, हे उघडच आहे.

परवाना मिळाला तरी गाडीसाठी पैसा कोण देणार, हा पुढचा प्रश्न. सुसज्ज गाडीला काही लाख डॉलर लागतात. विमा योजना रुग्णाच्या उपचाराचे पैसे देतात, गाडीचे नव्हे. पुढे राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानातून गाडी घेण्यास मुभा मिळाली. शिवाय औषध कंपन्यांवरील खटल्यांच्या तडजोडीतून राज्यांकडे मोठ्या रकमा येऊ लागल्या. तरीही चालक, परिचारिका आणि इंधन यांचा खर्च वर्षानुवर्षे चालूच राहतो. देणगीदाराला गाडीच्या दारावर आपले नाव दिसते, डिझेलच्या पावतीवर दिसत नाही. हा अनुभव आपल्याकडील संस्थांनाही अपरिचित नाही.

भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख होती. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांची वाट मोकळी झाली. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार नोंदणी होते ती आस्थापनेची आणि केंद्रीय अनुदानात निवासी केंद्राच्या खाटा मोजल्या जातात. चाकांवरच्या दवाखान्याला खाटा नसतात. त्यामुळे गाडीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थेने आपली बाजू अगदी बारीकसारीक तपशिलांनिशी मांडली पाहिजे. साठ्याची नोंद कोण ठेवील, रात्री किल्ली कोणाकडे राहील, गाडी वाटेत बंद पडली तर औषध कोणाच्या ताब्यात जाईल? या शेवटच्या प्रसंगाची तजवीज अमेरिकेच्या नियमानेही केंद्रांना आधीच करून ठेवायला लावली आहे.