उडून गेलेल्या द्रावकाचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी विकत आणलेला नसेल. पण त्याच्या मदतीने तयार होणाऱ्या वस्तू आपल्या सर्वांच्या घरात असतात. औषधाच्या अनेक गोळ्या, हेल्मेटची पारदर्शक काच, पाण्याचे वीस लिटरचे निळसर जार यांच्या निर्मितीत तो वापरला जातो. त्याचं नाव मिथिलिन क्लोराइड. कारखान्यातली माणसं त्याला ‘एमडीसी’ म्हणतात. मी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत वीसेक वर्षं नोकरी केली आणि जवळच नावड्यात घर केलं. त्यामुळे या पदार्थाशी माझी ओळख दोन्ही बाजूंनी आहे, कारखान्याच्या आतून आणि घराच्या खिडकीतूनही.

एमडीसी हा द्रावक आहे. साखर पाण्यात विरघळते तेव्हा पाणी हे द्रावक. पण तेलाचा डाग पाण्याला दाद देत नाही, त्याला रॉकेल लागतं. म्हणजे ज्याचा जसा स्वभाव, तसा त्याला द्रावक हवा. कारखान्यात द्रावकाचं काम लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं असतं. दोन रसायनांना त्याने एकत्र आणायचं आणि काम झालं की स्वतः बाजूला व्हायचं. तयार मालात तो राहता कामा नये. मग तो जातो कुठे? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यांनी १८३९ मध्ये हा पदार्थ प्रथम वेगळा केला. उद्योगांना तो आवडला याला कारणं आहेत. तो पुष्कळ गोष्टी विरघळवतो. सहजासहजी पेट घेत नाही. पाण्यात फारसा मिसळत नाही, त्यामुळे पाण्यातलं औषध आपल्यात ओढून घेऊन वेगळा थर करून बसतो. आणि जवळजवळ ४० अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून नाजूक औषधाला फारशी उष्णता न लावता तो काढून टाकता येतो. काचेचा, मान खाली घालून पाणी पिणारा खेळण्यातला पक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पोटातलं रंगीत पाणी म्हणजे बहुधा हाच द्रावक. पोट हातात धरलं तरी तेवढ्या उबेने तो वर चढतो.

जो गुण, तोच दोष. ४० अंशांचं काय घेऊन बसलात, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान सहज होतं. पिंपाचं बूच सैल केलं की फुस्स आवाज येतो. ही वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड. ती छतापाशी जात नाही. टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, जमिनीलगत साचते. मग भिंतीवर उंच बसवलेला पंखा शोभेपुरता उरतो. साधा कापडी मास्क काही अडवत नाही, आणि नेहमीच्या रबरी हातमोज्यातून हा द्रव काही मिनिटांत आरपार जातो.

आमच्या पाळीत एक हेल्पर होता. पिंपं ओतून झाली की तो पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, “साहेब, पित्त चढलंय बहुतेक, डोकं जड झालंय.” मी एकदा विचारलं, “सुट्टीच्या दिवशी चढतं का रे?” तो म्हणाला, “नाही, गावी गेलो की बरं वाटतं.” पुढे तिथे पिंप ओतण्याऐवजी बंद नळीतून पंपाने द्रावक घ्यायची सोय झाली. त्याचं ‘पित्त’ त्यानंतर थांबलं.

शरीरात गेलेल्या एमडीसीच्या काही भागाचं रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होतं. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसं दगावतात ती याच वायूने. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक. बंद जागेत वाफ फार झाली तर माणूस बेशुद्ध पडून दगावतोही. अमेरिकेत १९८० ते २०१८ या काळात अशा ८५ मृत्यूंची नोंद एका अभ्यासात झाली. त्यांत न्हाणीघरातला जुना रंग खरवडणारे कारागीर बरेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. आणि नाकावर विसंबू नका. अमेरिकेत कामगारांसाठी १९९७ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग ही मर्यादा ठरली. वास जाणवतो तो त्याच्या कितीतरी पट प्रमाण झाल्यावर. २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने बहुतेक वापरांवर बंदीचा नियम जाहीर केला आणि जे थोडे वापर ठेवले त्यांच्यासाठी ही मर्यादा २ भागांवर आणली.

आता कारखान्याच्या भिंतीबाहेर येऊ. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातले कुत्रे निळे झाल्याची छायाचित्रं जगभर छापून आली. कासाडी नदीच्या परिसरात सोडलेल्या रंगामुळे ते झालं होतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाईही केली. रंग दिसला म्हणून सगळे जागे झाले. द्रावकाला रंग नसतो. तो पाण्यावर तवंगही धरत नाही, कारण पाण्याच्या सव्वापटीहून जड असल्याने खाली बसतो. जमिनीवर सांडला की मातीतून झिरपत भूजलात उतरतो आणि तिथून त्याला काढणं अतिशय कठीण. उरलेला हवेत जातो. तिथे तो काही महिने टिकतो आणि त्यातलं थोडं क्लोरीन ओझोनच्या थरापर्यंत पोचतं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात तो नाही, कारण अल्पायुषी म्हणून त्याची कोणी भीती बाळगली नव्हती. पण हवेतलं त्याचं प्रमाण या शतकात झपाट्याने वाढलं आहे आणि त्यात आशियाचा वाटा मोठा आहे.

मग पर्याय काय? इथे थोडं सावध राहायला हवं. कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला आणि ओझोनला घातक म्हणून भारताने २०१० मध्ये बंद केलं. त्याची काही कामं ज्या द्रावकांकडे गेली, त्यांत आपलं एमडीसीही होतं. एक पिंप हलवून दुसरं ठेवलं म्हणजे प्रश्न सुटतोच असं नाही.

एक पर्याय आमच्या शेजारीच तयार होतो. तळोज्यात दीपक फर्टिलायझर्सच्या कारखान्यात २००६ पासून आयसोप्रोपाइल अल्कोहोल बनतं. कोरोनाच्या काळात हातावर चोळलेल्या बऱ्याच सॅनिटायझरमध्ये हेच होतं. दुसरा पर्याय इथाइल ॲसिटेट. तो आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला बनतो आणि उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासूनही करता येतो. औषधात द्रावकाचा किती अंश चालतो याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. एमडीसीसाठी दहा लाखांत ६०० भाग, तर या दोघांसाठी ५००० भाग. यावरून त्यांच्या स्वभावातला फरक कळेल.

पण या दोघांचीही किंमत मोजावी लागते. अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून वेगळा थर करण्याच्या कामाला ते चालत नाही. तिथे इथाइल ॲसिटेट चालतं. दोन्ही उकळायला ८० अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे वाफेचा खर्च वाढतो. आणि दोन्ही झटकन पेट घेतात. जुन्या शेडमध्ये द्रावक बदलला आणि मोटारी, वायरिंग, अर्थिंग तसंच ठेवलं, तर आजार टाळताना आग ओढवून घेऊ.

नदीचंही गणित करून पाहू. अल्कोहोल जंतू खाऊन टाकतात, म्हणून ते निरुपद्रवी अशी एक समजूत आहे. पण ते खाताना जंतू पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक किलो आयसोप्रोपाइल अल्कोहोलला सुमारे २ किलो ४०० ग्रॅम प्राणवायू लागतो. नदीच्या एक लिटर पाण्यात तो असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो अल्कोहोल ३ लाख लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर धरा. मासे याच्या किती तरी आधी मरतात. कासाडीकाठच्या कोळ्यांना हे समीकरण शिकवावं लागत नाही. या नदीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, ते तिच्यावर पोट असणाऱ्यांमुळेच.

म्हणून माझ्या मते पर्यायांच्या यादीत पहिला क्रमांक द्रावक परत मिळवण्याचा. बंद टाकी, बंद नळी, वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारा कंडेन्सर आणि ऊर्ध्वपातन. जितका द्रावक आत आला त्यातला किती परत मिळाला, किती अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे गेला, हे रोज लिहायचं. जो आकडा जुळत नाही, तो कोणाच्या तरी फुप्फुसात, विहिरीत नाहीतर नदीत गेलेला असतो. शिवाय तो मालकाने पैसे मोजून आणलेला माल असतो. हा हिशेब चोख ठेवणारे कारखाने तळोज्यात आहेत. लहान कारखान्यांना कंडेन्सरचा खर्च झेपत नाही ही अडचणही खरी आहे. काही कारखान्यांनी मिळून एक सामायिक सोय करावी, त्याला सरकारने स्वस्त कर्ज द्यावं, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय.

आपण घरी काय करू शकतो? ऑइलपेंटचं काम संपल्यावर रंगारी थिनरने हात धुतात. त्यांच्या हातावर थोडं खोबरेल तेल आणि साबण द्या. जुना रंग रसायनाने काढायचा असेल तर बंद खोलीत काढू देऊ नका. उरलेलं थिनर मोरीत ओतू नका.

आणि आमच्यासारखे जे वसाहतींच्या शेजारी राहतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानुसार घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांनी दारावर फलक लावायचा असतो. आत कोणती रसायनं आहेत, सांडपाणी आणि वायू किती बाहेर पडतो, हे त्यावर लिहायचं असतं. नावडे रोड स्थानकावर उतरून रोज शेकडो माणसं अशा दारांवरून कामाला जातात. जाता येता तो फलक वाचा. आकडे कोरे असतील किंवा वर्षभर तेच असतील, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला साधं पत्र लिहा, त्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा.