नमुना रुग्णाचा, आपण विश्वस्त



आतड्याच्या दाहविकारांवरची आपली परिषद येरवड्यात भरते आहे. इथल्याच डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी हरियाणात राखीगढीला उत्खनन केलं. साठाहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या एकाच स्त्रीच्या अवशेषांतून वाचता येईल असा डीएनए हाती आला. २०१९ साली डॉ. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीची जनुकीय माहिती आज जगातला कोणताही अभ्यासक पाहू शकतो. तिची संमती विचारणं शक्यच नव्हतं. शौचातून रक्त जातं म्हणून आपल्याकडे येणाऱ्या मुलीला मात्र विचारता येतं. तरी बहुतेकदा तिला कोणी विचारत नाही. बायोप्सीचा ब्लॉक पॅथॉलॉजीच्या कपाटात जातो, अहवाल फायलीत जातो आणि तिच्या आजारातून शिकण्यासारखं जे असतं ते तिथेच थांबतं.

याची किंमत रुग्ण मोजतात. अ‍ॅझाथायोप्रिन हे आपलं रोजचं, स्वस्त औषध. काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी त्याने थोड्याच आठवड्यांत धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, केस गळतात, जंतुसंसर्ग जिवावर बेततो. युरोपीय रुग्णांवरच्या अभ्यासातून टीपीएमटी या जनुकाची चाचणी आली. पण आशियातल्या रुग्णांत तिचा निकाल निर्धोक आला, तरी पेशी घसरतच होत्या. उत्तर मिळालं २०१४ साली, कोरियात. क्रोन्स या दाहविकाराच्या ९७८ रुग्णांच्या नमुन्यांतून एनयूडीटी१५ या जनुकातला बदल सापडला आणि तो भारतीयांतही बऱ्यापैकी आढळतो. त्या कोरियन रुग्णांनी रक्त दिलं म्हणून आज पुण्यातल्या रुग्णाला गोळी सुरू करण्याआधी सावध करता येतं. उलट, २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेले एनओडी२ जनुकातले गाजलेले बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडतच नाहीत. परक्या समाजाची उत्तरं आपल्याला किती पुरतात, हे यावरून समजावं.

‘१००० जीनोम्स’ या जगभरच्या जनुकीय माहितीच्या प्रकल्पात दक्षिण आशियातले पाच समूह आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमध्ये राहणारे तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ. मराठी समूह त्यात नाही. भारताच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती गोळा केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. हे मोठं काम आहे. पण ती निरोगी माणसं आहेत. आजारी आतड्याचं काय, हे आजारी माणसाकडूनच कळणार.

नमुना म्हणजे नुसती रक्ताची नळी नव्हे, हेही सांगायला हवं. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग यांत फरक करणं अवघड जातं आणि अनेकांना आधी काही महिने क्षयाची औषधं दिली जातात. निदान कशावरून झालं, तुकडा आतड्याच्या कोणत्या भागातला, तिथे दाह होता की नव्हता, रुग्ण तेव्हा कोणती औषधं घेत होता, तुकडा किती वेळात गोठवला, हे सारं नमुन्याबरोबर गेलं नाही तर तो नमुना फसवतो. या नोंदी ठेवण्याचा कंटाळा आपल्या रुग्णालयांत फार आहे आणि तो मला खरोखर अस्वस्थ करतो.

आता रुग्णांच्या शंकांकडे वळतो, कारण त्या रास्त आहेत. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असं जनुकांच्या बाबतीत होत नाही. एका व्यक्तीच्या माहितीतून तिच्या भावंडांबद्दल, मुलांबद्दलही काही उघड होतं. मुलीचं लग्न, विमा, नोकरी, यांची धास्ती घरोघरी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की नमुन्याची मालकी देणाऱ्याची असते, संस्था फक्त विश्वस्त. तेव्हा कोलोनोस्कोपीआधी, पोट साफ करण्याचं औषध पिऊन गळून गेलेल्या माणसापुढे इंग्रजी कागद सरकवून घेतलेली सही मी संमती मानत नाही. नमुना या एकाच अभ्यासाला वापरायचा की पुढच्याही, परदेशी पाठवायचा का, उपचाराला उपयोगी काही सापडलं तर कळवायचं का, हे प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. नंतर नको वाटलं तर माघार कशी घ्यायची, तेही त्याच कागदावर हवं. आणि नकार देणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये.

दुपारच्या सत्रात मराठी संमतिपत्राचा मसुदा चर्चेला येतो आहे. तो आधी रुग्णांनी मोठ्याने वाचावा, जिथे ते अडतील ते वाक्य तिथल्या तिथे बदलावं, आणि डॉक्टरांनी त्यानंतरच बोलावं, अशी सूचना अध्यक्ष या नात्याने मी मांडतो.