आघातानंतरचा निवाडा



मी डॉक्टर नव्हे, प्राध्यापकही नव्हे. माझे शिक्षण मजुरांचे अर्ज लिहिता लिहिता आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही मनावरील आघात हा विषय मी मागून घेतला. त्याला कारण माझी एक चूक.

आपल्या मराठवाड्याला आघात नवा नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. दगडमातीच्या भिंती, वर मातीची जड माळवदे; हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गेली. जे वाचले, त्यांतल्या कित्येकांना पुढे छताखाली झोप लागेना. मदत म्हणजे धान्य, पत्रे आणि घर, एवढेच तेव्हा बहुतेकांना ठाऊक होते. मलाही.

आता माझी चूक. आपल्या तालुक्यातून दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. काही वर्षांमागे रात्रीची ट्रॉली उलटली आणि एका गड्याची बायको गेली. नुकसानभरपाईसाठी मी दोन वर्षे खेटे घातले. पैसे हाती आले त्या दिवशी मी म्हणालो, "आता विसर बाबा, शेळ्या घे." तो म्हणाला, "आण्णा, रातीच निघू असं मीच म्हनलो व्हतो. मीच मारली तिला." ट्रॅक्टरचा आवाज आला की तो घरात शिरून कडी लावी. मी तर त्याचे प्रकरण निकाली निघाले असे समजून बसलो होतो!

पुढे तो नगरला एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागला. त्यांच्या पद्धतीला बोधनिक वर्तनोपचार म्हणतात. नाव बोजड आहे, गाभा सोपा आहे. अमेरिकेत ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात उदासीन रोग्यांसाठी ही वाट घातली. पुढे पॅट्रिशिया रेसिक यांनी ती अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी नेली. आघात सोसलेला माणूस स्वतःवर आरोप ठेवतो, साक्षीपुरावा न घेता शिक्षा फर्मावतो आणि जन्मभर भोगतो. या उपचारात ते प्रकरण पुन्हा चौकशीला घेतात. बाईंनी त्याला विचारले: निघायची वेळ ठरवली कोणी? मुकादमाने उचल देताना काय बजावले होते? ड्रायव्हर किती तास झोपला होता? ट्रॉलीत माणसे किती होती? आणि मुख्य म्हणजे, आज जे कळते ते त्या रात्री तुला कळत होते का? मी आयुष्यभर चौकश्यांत मजुरांची बाजू मांडली, पण हे प्रश्न त्याला विचारायचे मला सुचले नाहीत.

दुसरा भाग वर्तनाचा. भीतीपासून पळाले की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि भीती घट्ट होते. म्हणून पायरीपायरीने सामोरे जायचे: आधी दुरून आवाज ऐकायचा, मग उभ्या ट्रॉलीजवळ थांबायचे, मग तिला हात लावायचा.

इथे मी बाईंशी भांडलो. म्हटले, रात्री खचाखच भरलेल्या ट्रॉलीवर पुन्हा चढायला तुम्ही आमच्या माणसाला शिकवणार काय? त्या म्हणाल्या, "नाही हो. तिथे घाबरणे हे शहाणपणच आहे. उभ्या ट्रॉलीची भीती मात्र काढायची." हा भेद मला पटला. मन दुरुस्त करून माणसाला त्याच धोक्यात पाठवणे हा उपचार नव्हे, आणि दिवसाची, बाकावर बसवून नेणारी गाडी मागण्याचे आमचे काम त्याने संपत नाही.

खेड्यात असे तज्ज्ञ आणायचे कोठून, हे विचाराल. कांगो देशात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांवर गावातल्याच, बेताचे शिकलेल्या पण शिकवून तयार केलेल्या बायांनी गटात बसून हा उपचार केला. त्याचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. नुसता आधार मिळालेल्या स्त्रियांपेक्षा या स्त्रिया पुष्कळच अधिक सावरल्या. आपल्याकडे २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो. लिहून घ्या.

तो गडी अजून पूर्ण बरा नाही. बायकोचे नाव निघाले की रडतो, आणि ते रडणे कोणी काढून घेऊ नये. गेल्या हंगामात टोळी निघाली तेव्हा तो दिवसाउजेडी वेशीपर्यंत आला, उभ्या ट्रॉलीवर हात ठेवून सगळ्यांशी बोलला, आणि मग एस.टी.ने गेला.